मग्दालिया मरिया : चौदा शतकांचा कलंक

गालील सरोवराच्या पश्चिम काठावरील मग्दला हे मासे खारवण्याच्या व्यवसायासाठी ओळखले जाणारे गाव. तेथील मरिया ती मग्दालिया मरिया. येशू ख्रिस्ताच्या स्त्री-अनुयायांमध्ये तिचे स्थान अग्रगण्य होते. तरीही शतकानुशतके जगाने तिला ओळखले ते पश्चात्तापदग्ध पतिता म्हणून. वस्तुतः चारही शुभवर्तमानांत तिच्या चारित्र्याविषयी वावगा असा एकही शब्द नाही.

लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने तिला सात भुतांच्या पीडेतून मुक्त केले. हेरोदाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रियांप्रमाणेच ती येशूसमवेत गावोगाव फिरत असे. या फिरत्या परिवाराचा खर्च या स्त्रिया स्वतःच्या पैशांतून चालवीत. येशूला क्रूसावर खिळण्यात आले तेव्हा बहुतेक शिष्य पांगले होते. मरिया मात्र तेथून हलली नाही. रविवारी पहाटे ती कबरीपाशी गेली, तेव्हा कबर रिकामी होती. योहानने वर्णन केल्याप्रमाणे, समोर उभ्या असलेल्या येशूला तिने प्रथम माळी समजले. त्याने नावाने हाक मारताच तिला ओळख पटली. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना कळविण्याचे काम त्याने तिच्यावरच सोपविले. स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नसलेल्या काळात ख्रिस्ती श्रद्धेचा पाया ठरलेल्या घटनेची पहिली साक्षीदार एक स्त्री होती.

मग कलंक आला कोठून? इ. स. ५९१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी रोममधील एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या स्त्रिया एकच मानल्या. येशूचे पाय अश्रूंनी भिजविणारी लूकमधील अनामिक पापी स्त्री, लाजराची बहीण बेथानीची मरिया आणि मग्दालिया मरिया. सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण, असा अर्थही त्यांनी लावला. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेने हे एकीकरण कधीच स्वीकारले नाही. पश्चिमेत मात्र ते सर्वमान्य झाले. चित्रकारांनी मोकळ्या केसांची, साश्रू नयनांची मरिया रंगविली. फ्लॉरेन्समधील दोनातेल्लोचे लाकडी शिल्प तर तिला तपश्चर्येने झिजलेली वृद्धा म्हणून दाखविते. तिचे चित्रण कलेत अजरामर झाले, पण साक्षीदार मरिया पश्चात्तापी मरियेच्या आड गेली.

ही चूक केवळ ग्रंथापुरती राहिली नाही. समाजाने ‘वाट चुकलेल्या’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी निघालेल्या आश्रमांना तिचेच नाव देण्यात आले. आयर्लंडमधील ‘मॅग्डलेन लाँड्री’ या संस्थांत अविवाहित माता, अनाथ मुली आणि घरच्यांना नकोशा झालेल्या स्त्रियांना विनावेतन कपडे धुण्याच्या कामाला जुंपले जाई. यांतील शेवटची संस्था १९९६ मध्ये बंद झाली. २०१३ मध्ये आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान एंडा केनी यांनी सरकारच्या वतीने या स्त्रियांची संसदेत माफी मागितली.

कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये संतांच्या दिनदर्शिकेची फेररचना करताना मग्दालिया मरियेला त्या दोन स्त्रियांपासून वेगळे केले. जून २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २२ जुलै या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. प्रेषितांची प्रेषिता हे मध्ययुगात तिला लाभलेले बिरुद त्या निमित्ताने पुन्हा पुढे आले.

अधिकृत दुरुस्ती झाली, तरी जनमानसातील प्रतिमा सहज पुसली जात नाही. चित्रपटांत आणि कादंबऱ्यांत ती आजही कधी पतिता, तर कधी येशूची पत्नी म्हणून अवतरते. शुभवर्तमाने या दोहोंपैकी काहीच सांगत नाहीत. ती सांगतात ते इतकेच, की संकटात साथ न सोडलेल्या एका स्त्रीवर सर्वांत मोठी वार्ता पोहोचविण्याची जबाबदारी आली आणि ती तिने पार पाडली. मग्दालिया मरियेचा खरा वारसा तोच आहे.