हवेवर गाडी चालवणारा जनावरांचा डॉक्टर



आपण राजांची, संतांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे नेहमी वाचतो. मी आज ज्यांचे चरित्र लिहिणार आहे, त्यांनी लढाई जिंकली नाही की सभा गाजवली नाही. ते जनावरांचे डॉक्टर होते. पण तुम्ही आज सायकलवर आला असाल, एस.टी.ने आला असाल, नाहीतर उसाच्या टायरगाडीवर बसून आला असाल, तर त्यांनी चालवून दाखवलेल्या चाकावरच आला आहात. त्यांचं नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंड देशातल्या ड्रेगहॉर्न या गावी झाला. घर शेतकऱ्याचं. एडिंबरो शहरात ते जनावरांच्या डॉक्टरीचं शिक्षण शिकले. १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. तिथे डाउनपॅट्रिक गावात आपल्या भावाबरोबर त्यांनी दवाखाना काढला. पुढे ते बेलफास्ट या मोठ्या शहरात आले आणि मे स्ट्रीटवर त्यांचा दवाखाना चांगला चालू लागला. त्या काळी मोटारी नव्हत्या. सगळी ओढाओढ घोड्यांवर. म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला कामाला तोटा नव्हता. १८७१ मध्ये त्यांचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला.

आता खरी गोष्ट सुरू होते. साल होतं १८८७. डनलॉप यांच्या मुलाकडे तीन चाकी सायकल होती. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. त्या काळी चाकाला लोखंडी धाव असायची, नाहीतर भरीव रबराची पट्टी. अशा चाकावर बसलं की दगडागणिक हाडं खिळखिळी व्हायची. आपल्या बैलगाडीला लोखंडी धाव असताना ज्यांनी प्रवास केला आहे, त्या आजोबांना हे वेगळं सांगायला नको. पोराला त्रास होतो, सायकल नेट लावून हाकावी लागते, हे बापाने पाहिलं आणि त्यावर काय करता येईल याचा विचार सुरू केला.

बाप काही इंजिनिअर नव्हता. पण हाताने करून पाहायची त्यांना आवड होती आणि रबराची माहिती होती. त्यांनी लाकडाची एक गोल थाळी घेतली, ९६ सेंटिमीटर रुंद. रबराच्या पातळ पत्र्याची नळी चिकटवून तयार केली, ती थाळीच्या कडेने बसवली, वर कापड ताणून घेतलं आणि फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग घरामागच्या अंगणात त्यांनी दोन चाकं घरंगळत सोडली. एक मुलाच्या सायकलचं, एक हे नवं. सायकलचं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळलं आणि उलट उसळून मागे आलं!

असं का झालं, हे मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. कडक चाकाखाली खडा आला की सगळं चाक, त्यावरची गाडी आणि बसलेला माणूस उचलला जातो. त्यात जोर वाया जातो आणि हिसका बसतो. हवेच्या चाकाखाली खडा आला की टायर तेवढ्यापुरता आत दबतो आणि खडा मागे गेला की परत फुगतो. गाडी जागच्या जागी राहते. म्हणजे खरा भार रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. रबर तिला फक्त धरून ठेवतं.

डनलॉप यांनी मग सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना अशा धावा बसवल्या. नंतर मोठ्या सायकलसाठी केल्या. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे या शोधावर याचा हक्क आहे असा सरकारी कागद. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा स्वार डनलॉप टायरची सायकल घेऊन उतरला. ते जाडजूड टायर पाहून लोक हसले. पण ह्यूमने भाग घेतला त्या चारही शर्यती जिंकल्या! हसणारे गप्प झाले. हरलेल्यांत हार्वे डू क्रॉस या व्यापाऱ्याचे मुलगे होते. डू क्रॉस चिडले नाहीत. ते डनलॉपना जाऊन मिळाले आणि १८८९ मध्येच डब्लिन शहरात टायरची कंपनी निघाली.

इथपर्यंत सगळं छान झालं. आता वाईट वाटेल अशी गोष्ट सांगतो. १८९० मध्ये डनलॉपना कळवण्यात आलं की तुमचं पेटंट चालणार नाही. कारण हवेची धाव त्यांच्या आधीच एकाने शोधली होती! रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा थॉमसन अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी घोडागाडीला हवेची चाकं लावून लंडनमध्ये ती चालवूनही दाखवली. पण तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती, पातळ रबर महाग होतं. शोध लोकांच्या उपयोगी पडला नाही आणि विस्मरणात गेला. थॉमसन १८७३ मध्ये वारले. डनलॉपना त्यांचं काम ठाऊकच नव्हतं.

मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, दोघांचाही मान खरा आहे. थॉमसन यांना आधी सुचलं. डनलॉप यांनी गरज ओळखून ते चालतं केलं. एकाचं नाव घेताना दुसऱ्याला विसरू नये.

पेटंट गेलं तरी कंपनी टिकली. पहिले टायर चाकाला पक्के चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे दिवस मोडायचा. वेल्च आणि बार्टलेट या दोघांनी टायर चाकावरून काढता-घालता येण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या. त्या कंपनीने विकत घेतल्या. डनलॉप स्वतः मात्र १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. ज्यांच्या नावाने टायर विकले गेले, त्यांच्या हाती मोठी संपत्ती लागली नाही. नंतर ते डब्लिनमध्ये राहिले, कापडाच्या धंद्यात त्यांनी लक्ष घातलं. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी ते वारले. तोवर हवेचे टायर सायकलवरून मोटारीला आणि मोटारीवरून ट्रकला पोचले होते. १९३६ मध्ये आपल्या देशातही पश्चिम बंगालमध्ये हुगळीजवळच्या साहागंज इथे डनलॉप नावाचा टायर कारखाना निघाला. तो पुढे बंद पडला, पण टायरवरचं ते नाव आपल्या आजोबांच्या तोंडी अजून आहे.

आता कोणी विचारील, की या चरित्राचा आपल्याशी काय संबंध? तर संबंध असा, की त्यांनी हवा कोंडून दाखवली, पण ती कोंडलेली ठेवायचं काम रोज आपल्यालाच करायचं आहे. हे मी आमच्या अण्णांकडून शिकलो. अण्णा पिकअप गाडीवर भाजीपाला बाजाराला नेतात. रात्री दोनला निघावं लागतं. त्या वेळी वाटेत पंक्चरवाला उघडा नसतो. टायरमध्ये हवा कमी असली की भरल्या गाडीखाली तो जास्त दबतो, दबून दबून तापतो आणि तापलेला टायर चालत्या गाडीत फुटू शकतो. म्हणून अण्णांनी गाडीतच हवा मारायचा छोटा काँप्रेसर बसवला आहे. डनलॉप यांच्या फुटबॉलच्या पंपाचाच तो मोठा भाऊ! आत तोच दट्ट्या, तीच एका बाजूने उघडणारी झडप. फक्त हाताच्या जागी विजेची मोटर.

तो कसा बसवला हेही सांगतो, म्हणजे पालकांना उपयोग होईल. बारीक काँप्रेसर सिगारेट लायटरच्या भोकातून चालतो, पण मोठा तिथे लावला तर फ्यूज उडतो, कारण तो जास्त करंट ओढतो. म्हणून आमच्या काँप्रेसरची जाड वायर थेट बॅटरीपासून आणली आहे आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला आहे. वाटेत कुठे वायर घासून पत्र्याला टेकली तर फ्यूज जातो, गाडी पेटत नाही. काँप्रेसर सीटच्या मागे लोखंडी पट्टीवर नट-बोल्टने आवळला आहे. खाली रबरी वायसर आहेत, नाहीतर थरथरीने बोल्ट सैल होतात. तिथे चिखल उडत नाही आणि इंजिनची धगही लागत नाही. हवा मारताना गाडी सुरू ठेवायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही. काँप्रेसर तापला की त्याला विसावा द्यायचा. हवा दाबली की तापते. सायकलला जोरात पंप मारून त्याच्या नळीला हात लावून बघा, तुम्हालाही कळेल.

मोठ्या ट्रकची गोष्ट निराळी. त्याची वीज बहुधा २४ व्होल्टची असते. त्याला पिकअपचा १२ व्होल्टचा काँप्रेसर लावला तर तो जळतो. शिवाय त्याच्या टायरला शंभर पौंडांच्या पुढे हवा लागते, ती छोट्या काँप्रेसरला झेपत नाही. पण ज्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात, त्याच्या इंजिनवरच काँप्रेसर असतो आणि खाली हवेच्या टाक्या असतात. बऱ्याच ट्रकमध्ये त्या टाकीच्या हवेवर नळी जोडून टायर भरता येतो.

मित्रांनो, डनलॉप यांच्याकडे विजेची मोटर नव्हती, मोठी प्रयोगशाळा नव्हती. अंगण होतं, फुटबॉलचा पंप होता आणि पोराचा त्रास दिसणारे डोळे होते. आपल्याही घरी अंगण आहे. आपणही डोळे उघडे ठेवू या.

आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. गाडी सायकल असो, ट्रॅक्टर असो की टायरगाडी, निघण्याआधी चाकं थंड असताना हवा तपासा. हवा भरताना टायरच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. भार कितीही असू द्या, तो हवाच उचलणार आहे. तिला फक्त पुरेशी ठेवा, आणि सुखरूप घरी या.