गरज ओळखणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

मागच्या वर्षी आमच्या शाळेत बालबाजार भरला होता. मी मेथीच्या वीस जुड्या घेऊन बसलो होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो, पण तीनच जुड्या खपल्या. मला रडूच आले. घरी आल्यावर आजोबांनी गोठ्यातला जुना लोखंडी नांगर दाखवला आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. मग गुरुजींनी त्यांच्यावरचे पुस्तक वाचायला दिले. तीच गोष्ट मी येथे लिहीत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणापासून त्यांना चित्रे आणि यंत्रे फार आवडत. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. म्हणून त्यांनी रंगकाम सोडले आणि यंत्रांची चित्रे काढायला ते शिकले. पुढे मुंबईतच ते शिक्षक झाले.

ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. तेव्हा लोकांना सायकल चालवताच येत नव्हती. मग नुसती सायकल घेऊन माणूस काय करणार? म्हणून रामूअण्णा लोकांना सायकल चालवायलाही शिकवीत. मला ही युक्ती फार आवडली.

नंतर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. शेतकऱ्यांची जनावरे अख्खा कडबा नीट खात नाहीत, पुष्कळ वाया जातो. म्हणून त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. पण तो कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरी लक्ष्मणरावांनी नांगर करणे सोडले नाही. लोखंडी नांगराने खोल नांगरट होते आणि माती उलटते. हे डोळ्यांनी बघितल्यावर लोकांची भीती हळूहळू गेली.

१९१० साली त्यांना बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. तिथे निवडुंग माजला होता आणि साप फिरत होते. ते साफ करून तिथे कारखाना आणि गाव उभे राहिले. तीच किर्लोस्करवाडी. आमच्या गावाहून ती जवळ आहे.

पुढे शेतकऱ्यांच्या गरजा बदलल्या. मग कारखान्यात उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे आणि पाण्याचे पंप झाले. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्यात आधी कारखान्याची माहिती असे. पण लोकांना वाचायलाही काहीतरी हवे होते. म्हणून पुढे त्याचे गोष्टी आणि लेखांचे मासिक झाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

पुस्तक वाचल्यावर मी विचार केला, आपली मेथी का खपली नाही? मेथी तर ताजी होती. मग माझ्या ध्यानात आले. आमच्या गावातल्या बायका द्राक्षबागेतून दमून येतात. माझी आईपण जाते. त्यांना मेथी निवडायला वेळच नसतो. म्हणून यंदाच्या बाजाराला मी आणि ताईने पहाटे उठून मेथी निवडली, मुळ्या काढल्या आणि मग नेली. मला फारसे ओरडावे लागले नाही. सगळी मेथी दुपारच्या आत संपली!

शेवटी एका आजीने कोथिंबीर मागितली. ती माझ्याकडे नव्हती. पुढच्या वर्षी मी कोथिंबीर पण नेणार आहे.

मित्रांनो, आपल्याला काय विकायचे आहे ते आधी बघू नका. समोरच्याला काय पाहिजे ते आधी बघा. लक्ष्मणरावांच्या चरित्रावरून मी हेच शिकलो.

– इयत्ता चौथी