मार्शल शोंबर्ग

मुंबई बेट इंग्रजांस आंदणांत मिळालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या मोबदल्यांत पोर्तुगालच्या पदरांत काय पडलें, याचा जमाखर्च आमच्या व्यापारी वाचकांनीं क्वचितच मांडला असेल. १६६१ च्या त्या तहान्वयें इंग्लंडच्या राजानें २,००० पायदळ व १,००० घोडेस्वार पोर्तुगालच्या स्वातंत्र्ययुद्धास देऊं केले. ही फौज ज्याच्या हाताखालीं लढली, तो सेनानी शोंबर्ग होय.

१६१५ सालीं हायडेलबर्ग येथें जन्मलेला हा जर्मन सरदार बाळपणींच पोरका झाला, आणि डच व फ्रेंच सैन्यांत तरवार गाजवून मोठा झाला. पोर्तुगालनें १६४० सालीं स्पेनचें साठ वर्षांचें जूं झुगारलें होतें. तथापि स्पेन तें मान्य करीना. फ्रान्सनें तर १६५९ च्या तहांत पोर्तुगालास साह्य न करण्याचें वचनही दिलें. असें असतां पुढच्याच वर्षीं चौदाव्या लुईच्या गुप्त संमतीनें शोंबर्ग लिस्बनला पोंचला. राजांच्या वचनांची किंमत ही अशी!

त्यानें सैन्यास शिस्त लावली. मात्र परकी म्हणून मुख्य सेनापतित्व त्यास मिळालें नाहीं; मान स्थानिक सरदारांचा, मसलत याची. इंग्रज शिपायांत क्रॉमवेलच्या वेळचे पुष्कळ कसलेले लोक होते. त्यांचा पगार वरचेवर थकत असे. तरीही १६६३ मध्यें आमेइशियालच्या टेकडीवर ते निर्धारानें चढून गेले. १६६५ च्या जूनमध्यें मोंतेश क्लारुशला स्पेनचा निर्णायक मोड झाला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत, गोव्याच्या विजरईच्या खळखळीनंतर, मुंबईचा ताबा इंग्रजांकडे गेला होता. एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याचें मोल दुसऱ्याच्या भूमीनें चुकविलें गेलें. बेटावरील कोळी-भंडाऱ्यांस कोणीं विचारलें नाहीं. १६६८ सालीं स्पेननें पोर्तुगालचें स्वातंत्र्य मान्य केलें.

१६७५ सालीं फ्रान्सनें शोंबर्गास मार्शल केलें. पण १६८५ मध्यें लुईनें प्रॉटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें. शोंबर्ग त्याच पंथाचा. त्यानें धर्म न सोडतां फ्रान्स सोडला. पंथापायीं कर्तबगार माणूस दूर लोटण्याची ही बुद्धि आमच्या समाजधुरीणांस अपरिचित नाहीं. तोच वृद्ध सेनानी पुढें लुईच्या वैऱ्यास, ऑरेंजच्या विल्यमास, मिळाला, आणि १६९० सालीं आयर्लंडांत बॉइन नदीच्या लढाईंत ७४ व्या वर्षीं पडला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक मंदिरांत त्याचें दफन झालें. वारसांनीं स्मारकाची दाद घेतली नाहीं. अखेर १७३१ सालीं तेथील धर्माधिकारी स्विफ्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं स्वखर्चानें शिला बसविली, व वारसांची ही हयगय तिजवर कोरून ठेविली.