फुफ्फुसाचा कॅन्सर ऑपरेशनने बरा होतो हे दाखवणारा सर्जन त्याच कॅन्सरने गेला

सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे आज शाळेतलं पोरगंही सांगेल. पण ७५ वर्षांपूर्वी भल्याभल्या डॉक्टरांना ते पटत नव्हतं. त्यातलेच एक, अमेरिकेचे नामांकित सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहॅम.

ग्रॅहॅम यांचा जन्म १८८३ चा, शिकागोचा. वडीलही सर्जनच. १९१९ मध्ये ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सर्जरी विभागाचे प्रमुख झाले. ५ एप्रिल १९३३ ला त्यांनी पिट्सबर्गच्या एका ४८ वर्षांच्या डॉक्टरचं कॅन्सरग्रस्त डावं फुफ्फुस एकाच ऑपरेशनमध्ये अख्खं काढलं. पेशंट वाचला. असं पहिल्यांदाच घडलं होतं.

ग्रॅहॅम स्वतः मात्र जबरदस्त सिगारेट ओढायचे. अर्न्स्ट विंडर हा मेडिकलचा विद्यार्थी सिगारेटवर संशय घेऊन आला, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. तरी त्यांनी संशोधन करू दिलं. १९५० मध्ये दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास छापला. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बहुतेक पुरुष रुग्ण वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारे निघाले. आकडे पाहून ग्रॅहॅम यांनी मत बदललं, नंतर सिगारेटही सोडली.

पण उशीर झाला होता. १९५७ च्या सुरुवातीला त्यांच्या दोन्ही फुफ्फुसांत कॅन्सर सापडला. ऑपरेशन शक्यच नव्हतं. ४ मार्चला ते गेले. त्यांनी वाचवलेला तो डॉक्टर १९६३ पर्यंत जगला.

असं का होतं? फुफ्फुसातली छोटी गाठ सहसा दुखत नाही. खोकल्यातून रक्त पडेपर्यंत, वजन घटेपर्यंत कॅन्सर बऱ्याचदा पसरलेला असतो. साध्या एक्स-रेत छोट्या गाठी निसटतात.

म्हणून आता कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन करतात. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला. एक्स-रे काढलेल्यांपेक्षा स्कॅन केलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. तिथे आज ५० ते ८० वयाच्या, रोज एक पाकीट या हिशेबाने २० वर्षं ओढलेल्यांना दरवर्षी स्कॅनचा सल्ला देतात. सिगारेट सोडून १५ वर्षं झाली नसतील, तरीही.

ग्रॅहॅम यांचा कॅन्सर झपाट्याने पसरणारा होता, त्यामुळे स्कॅनने ते वाचलेच असते असं नाही. स्कॅनमध्ये दिसलेली प्रत्येक गाठही कॅन्सरची नसते. पण सिगारेट सोडली म्हणजे धोका लगेच संपत नाही, हे त्यांच्या आयुष्यातून कळतं. सोडायची तर आहेच, पण जुना हिशेब डॉक्टरांना सांगायलाही हवा.