शीतवायूचा जनक : थॉमस मिज्ले

वैशाखांत मुंबईहून नाशिककडे येणारी मोटार कसारा ओलांडून घाट चढूं लागली, कीं जुने हांकणारे एक गोष्ट न चुकतां करितात. गारव्याचें यंत्र बंद करून ते कांचा खालीं घेतात. चढणीवर गाडीचा वेग मंदावतो, पुढील जाळीवर पुरेसा वारा लागत नाहीं, इंजिन तापतें, आणि यंत्रांतील वायूची उष्णता बाहेर पडेनाशी होते. इगतपुरीचा वारा तोंडाला लागला म्हणजे यंत्राची आठवणही राहत नाहीं. परंतु त्या यंत्रांत प्रथम जो वायु खेळला तो कोणीं शोधिला, व त्या शोधाचें पुढें काय झालें, ही हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं जाणून घेण्याजोगी आहे.

थॉमस मिज्ले ह्याचा जन्म ता. १८ मे १८८९ रोजीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत बीव्हर फॉल्स ह्या गांवीं झाला. त्याचें बालपण ओहायोमधील कोलंबस शहरीं गेलें. वडील मोटारीच्या टायरांत सुधारणा करणारे कल्पक गृहस्थ असल्यामुळें घरांत यंत्रांची चर्चा नित्याचीच होती. १९११ सालीं त्यानें कॉर्नेल विश्वविद्यालयाची यंत्रशास्त्राची पदवी घेतली. म्हणजे तो रसायनशास्त्री नव्हता. तें शास्त्र त्यानें पुढें कामाच्या ओघांत स्वतःच आत्मसात केलें. १९१६ सालीं डेटन येथें चार्ल्स केटरिंग ह्या नामांकित संशोधकाच्या हाताखालीं तो लागला, आणि त्याच्या आयुष्याला वळण मिळालें.

त्या काळीं मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल अवेळीं पेटून ठोके बसत. अनेक पदार्थ पारखल्यावर डिसेंबर १९२१ मध्यें मिज्लेला आढळलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलांत किंचित् मिसळलें असतां ठोके थांबतात. शिसें विषारी आहे हें तेव्हांही सर्वांस ठाऊक होतें. १९२३ च्या आरंभीं त्या विषानें खुद्द मिज्लेच आजारी पडला व हवापालटासाठीं फ्लॉरिडास गेला. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील कारखान्यांत त्याच विषानें पांच कामगार दगावले. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस मिज्लेनें बातमीदारांसमोर तें द्रव्य आपल्या हातांवर घेतलें, त्याची वाफ हुंगून दाखविली, व त्यांत धोका नाहीं असें भासविलें. त्याच्या चरित्रांतील हा भाग कोणत्याही गौरवानें झांकतां येण्यासारखा नाहीं.

दुसऱ्या शोधाची गोष्ट निराळी आहे. तेव्हांच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड वापरीत. हे वायु कांहीं विषारी, कांहीं ज्वालाग्राही; नळी गळली तर घरांतील माणसांच्या जिवावर बेते. निर्विष व न पेटणारा वायु शोधण्याचें काम केटरिंगनें १९२८ सालीं मिज्लेकडे सोंपविलें. मिज्ले व त्याचे सहकारी हेन आणि मॅक्नॅरी ह्यांनीं मूलद्रव्यांच्या कोष्टकाचा विचार करून फ्लोरिनवर नेम धरिला. प्रयोगासाठीं लागणाऱ्या अँटिमनीच्या क्षाराच्या पांच बाटल्या मिळाल्या. त्यांतील एक सहज उचलून त्यांनीं वायु केला व तो एका गिनीपिगाला हुंगविला. प्राणी सुखरूप राहिला. दुसऱ्या बाटलीच्या वायूनें मात्र तो मेला! शोध घेतां कळलें कीं, पांचांपैकीं चार बाटल्यांतील क्षारांत पाण्याचा अंश होता व त्यामुळें विषारी फॉस्जीन तयार होत होता. पहिल्याच वेळीं सदोष बाटली हातीं आली असती, तर कदाचित् हा शोध तेथेंच सोडून दिला गेला असता.

१९३० सालीं अटलांटा येथील रसायनशास्त्र्यांच्या सभेंत मिज्लेनें हा वायु छातीभर ओढून घेतला व तोच हळूहळू सोडून मेणबत्ती विझविली. वायु विषारी नाहीं आणि पेटतही नाहीं, हें एकाच श्वासांत सिद्ध झालें. पुढें फ्रिऑन ह्या नांवानें तो विकला जाऊं लागला. मोटारींचे कारागीर त्याच कुळांतील वायूस आर-१२ म्हणून ओळखतात. १९३९ मध्यें पॅकार्ड कंपनीनें गारव्याचें यंत्र बसविलेली मोटार बाजारांत आणिली.

मिज्लेला मानसन्मान पुष्कळ मिळाले. परंतु १९४० सालीं पोलिओनें त्याचे पाय गेले. अंथरुणांतून उठतां यावें म्हणून त्यानें दोऱ्या व कप्प्या ह्यांची एक योजना स्वतः रचिली, ता. २ नोव्हेंबर १९४४ रोजीं त्याच दोऱ्यांत गळा अडकून त्याचा अंत झाला. त्या वर्षीं तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

त्याच्या मागें तीस वर्षांनीं, १९७४ मध्यें, रोलंड व मोलिना ह्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, जो वायु खालीं कशानेंच बिघडत नाहीं तो तसाच उंच आकाशांत चढतो. तेथें प्रखर सूर्यकिरणांनीं त्यांतील क्लोरिन सुटतो, आणि क्लोरिनचा एक अणु ओझोनचे सहस्रावधि रेणु नष्ट करितो. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा क्षय प्रत्यक्ष मोजला गेला व १९८७ मध्यें मॉन्ट्रियल येथें करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला, आणि २००८ मध्यें आपल्याकडील ह्या वायूंचें उत्पादन बंद झालें. शिशाच्या बाबतींत मिज्लेला धोका ठाऊक होता. येथें तो तेव्हां कोणासच ठाऊक नव्हता. दोहोंस एकाच तराजूंत घालणें मला न्याय्य वाटत नाहीं.

ज्यांच्या घरीं त्या काळची मोटार अद्याप आहे त्यांना हा इतिहास खिशापर्यंत येऊन भिडतो. आर-१२ च्या जागीं आर-१३४ए आला. तो ओझोनला उपद्रव करीत नाहीं, पण कर्बवायूच्या १,३०० ते १,४०० पट उष्णता धरून ठेवितो. म्हणून त्यालाही आतां उत्तराधिकारी आले आहेत. जुन्या यंत्रांत नुसता नवा वायु भरून भागत नाहीं. पूर्वींचें खनिज तेल नव्या वायूंत मिसळत नाहीं, त्यामुळें तें कॉम्प्रेसरकडे परतत नाहीं व कॉम्प्रेसर जाम होतो. जुनें तेल धुऊन काढावें, एस्टर जातीचें तेल घालावें, ओलावा शोषणारी बाटली व रबरी कड्या बदलाव्या, पंपानें आंतील हवा पुरती ओढून घ्यावी, आणि वायु वजनानें पूर्वींच्या ८० ते ९० टक्केच भरावा. स्वस्त म्हणून कोणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायु भरूं पाहील तर साफ नाहीं म्हणावें; मिज्लेनें जो धोका घरांतून घालविला तोच त्यानें मोटारींत परत येतो.

दर उन्हाळ्यांत गॅस भरावाच लागतो ही समजूतही खोटी आहे. वायु बंद नळींत फिरतो, तो खर्च होत नाहीं. कमी झाला तर कोठें तरी गळत आहे. आमच्या इगतपुरींत पावसाळ्याचे चार महिने हें यंत्र कोणी लावीत नाहीं. त्यामुळें कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळील सील कोरडें पडतें व तेथूनच गळती सुरू होते. आठवड्यांतून दहा मिनिटें तरी यंत्र चालवावें. आषाढांत घाटांत धुकें दाटलें असतां समोरच्या कांचेवरील वाफही त्यानेंच निघून जाते.