खापरांवरच्या रेघा आणि हरिभाऊ वाकणकर

पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर म्हणजे आपले हरिभाऊ. ४ मे १९१९ रोजी नीमच येथे जन्मलेले हरिभाऊ मुळात चित्रकार. उज्जैनला त्यांनी भारती कला भवन उभे केले आणि अनेक विद्यार्थ्यांना चित्रकला शिकवली. चित्रकाराची हीच नजर पुढे त्यांना पुरातत्त्वात उपयोगी पडली. १९५७ मध्ये रेल्वेने भोपाळकडे जाताना खिडकीतून दिसलेले खडक पाहून ते तिकडे वळले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांनी मातीच्या भांड्यांवर केलेले काम कमी लोकांना माहीत असते.

१९६५-६६ मध्ये उज्जैनजवळच्या कायथा येथे त्यांनी उत्खनन केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती तेथे उजेडात आली. तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, मण्यांच्या माळा आणि तऱ्हेतऱ्हेची खापरे मिळाली. काही खापरांवर ओल्या मातीत फणीने ओढलेल्या नागमोडी रेघा आहेत. पाहणाऱ्याला ती अक्षरे वाटावीत, पण ती नक्षी आहे. माळव्यात ब्राह्मी अक्षरे दिसू लागतात ती यानंतर दीड हजाराहून अधिक वर्षांनी.

हरिभाऊ नाणी आणि शिलालेखांचेही अभ्यासक होते. खापरावरचा लेख वाचणे मात्र शिलालेखाहून अवघड असते. भट्टीपूर्वी कोरलेल्या रेघेच्या कडा मऊ राहतात. भाजल्यावर खरवडली तर कडा उडतात. पहिली रेघ बहुधा कुंभाराची, दुसरी भांडे वापरणाराची. मजकूरही दोन-चार अक्षरांचाच, बहुतेक वेळा मालकाचे नाव. त्यातही भांडे फुटलेले, म्हणजे अर्धे नाव हरवलेले. उरलेले अक्षर मनाने पूर्ण केले की इतिहास बिघडतो.

१९६१ मध्ये हरिभाऊंनी इंग्लंडमधील व्हिरोकोनियम येथील उत्खननात भाग घेतला. हे रोमन शहर होते. त्या काळी युरोपातही लोक आपल्या ताटल्यांवर नावे खरवडत. दक्षिण फ्रान्समधील ला ग्रोफसांक येथे तर कुंभारांनी भट्टीत कोणाची किती भांडी लावली याचा हिशेब ताटल्यांवरच, आपल्या गॉलिश या केल्टिक भाषेत लिहून ठेवला. ती भाषा पुढे लोपली. तिचे काही शब्द अशा खापरांमुळे टिकले. राजांनी दगडावर लिहिले, सामान्य माणसाने मडक्यावर.

महेश्वर, दंगवाडा, रुणिजा अशा अनेक ठिकाणी हरिभाऊंनी काम केले. १९७४ मध्ये आपल्या इंदूरच्या आझादनगरातही ते खणत होते. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

आज इंदूर चहूबाजूंनी वाढते आहे. पाया खणताना निघालेली खापरे डंपरमध्ये जातात आणि त्यांच्याबरोबर कोणाचे तरी नावही जाते. मुलांना भीमबेटका दाखवायला न्याल तेव्हा उज्जैन आणि इंदूरच्या संग्रहालयांतली मडकीही दाखवा. शेतात वा बांधकामात रेघा असलेले खापर सापडले, तर ते घासून धुऊ नका. कोठे मिळाले ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. हरिभाऊंच्या माळव्यात राहणाऱ्यांना एवढे करणे अवघड नाही.