साष्टीचा ओवीकार

मी हट्ट्याचा, वसमत तालुक्यातला. आमच्या भागात माणूस ओवी ऐकतच मोठा होतो. श्रावणात पोथी लागते, एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. नरसीचे नामदेव तर आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे ग्रंथालयात ‘ख्रिस्तपुराण’ हाती आले तेव्हा मी चकितच झालो. ओवी आपली, शब्दही बरेचसे आपले, आणि रचणारा मात्र विलायतेतला पाद्री!

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत तेथे कॅथलिक राहणे धोक्याचे होते. ते रोमला गेले व १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून त्यांचे गलबत सुटले, ते ऑक्टोबरात गोव्याला लागले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यातच काढली, त्यातली बहुतेक साष्टीत.

मुलांकडून धर्मपाठ गाऊन घेण्याची चाल गोव्यात त्यांच्या आधीच पडली होती. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवीत हिंडत, पोरे गोळा करीत आणि प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. पुढे चर्चच्या शाळांतून मुलांना सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकविले जाऊ लागले. ही परंपरा किती चिवट! प्यारेलालना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस साष्टीतल्याच माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडील तिथल्या चर्चचे गायनमास्तर.

परंतु मिस्सा होती लॅटिनमध्ये. गाणाऱ्या मुलांना तिचा अर्थ कितपत उमगत असेल, कोण जाणे!

स्टीफन्स यांचे पुराण अशा मुलांमध्येच सुरू होते. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मपाठ सांगणे चालले आहे. एक बाटलेला ब्राह्मण उठून विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? मला हा प्रश्न साऱ्या ग्रंथाहून मोठा वाटतो. कारण ती पुराणे आपोआप गेली नव्हती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे देह मिळवून आणण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. मागाहून पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या म्होरक्यांना बोलावून दग्याने मारले. स्टीफन्स या सत्तेच्या आश्रयानेच राहत होते, हे त्यांच्या ओव्यांवर लुब्ध झालेल्या माझ्यासारख्याने विसरता कामा नये.

तरीही त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर थक्क करणारे आहे. पैठणला नाथ लिहीत होते त्याच काळात हा परदेशी माणूस मराठी शिकला आणि पुढे सुमारे ११,००० ओव्यांत त्याने सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा रचली. आरंभी मराठीची थोरवी गाताना तर ते फुलांची, रत्नांची, पाखरांची अशी काही रांग लावतात की, जन्माने मराठी असलेल्याने लाजावे! १६१६ मध्ये राचोलला ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. चर्चमधून तो चालीवर वाचला जाई. म्हणजे आमच्याकडच्या पोथीसारखाच.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यात वारले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. मिस्सेत लोकभाषांना मोकळीक मिळायला १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. आज वसईच्या चर्चमध्ये मुले मराठीतून गातात.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तीन जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुठे असल्याचे ठाऊक नाही. पुराण टिकले ते हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. मंगळूरला १९०७ साली ते पुन्हा रोमन लिपीत छापले गेले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणले. मी वाचली ती हीच प्रत.